उघड्या तोंडाचा आकडा

चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडताना तिच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा दाराच्या मुठीत अडकला आणि तिला मागे ओढ बसली. फार काही नाही. चालत्या माणसाला कुणीतरी मागून खांद्याला धरावं, इतकीच. पण तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की दुकानदार काउंटरमागून उठून आला. त्याने पट्टा सोडवला. रोज दोघं-तिघं अडकतात, मूठच तशी आहे, वर्षभर बदलायची म्हणतोय, असं तो हसत म्हणाला. तीही हसली, दोन पायऱ्या उतरली आणि तिसऱ्या पायरीवर उभी राहिली. अडकल्यावर पुढे जायचं नसतं. थोडं मागे यायचं, सैल सोडायचं, म्हणजे सुटतं. हे माणसाला कळतं, घोड्याला कळत नाही. घोडा अडकला की ओढतो, आणि जितका ओढतो तितका भितो, आणि जितका भितो तितका ओढतो. मग बरगड्यांच्या खाली, नेहमीच्याच जागी, तो थंड गोळा आला. आकडा. तिने आकड्याला पट्टी गुंडाळली नव्हती.

सकाळपासून ती भोकांचा विचार करत होती. शहराच्या कडेला घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा होती, तिच्या पागेत ती घोड्यांसाठी खेळणी बनवायची. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसायचे. काल तिने अबलख नावाच्या घोड्यासाठी नवं खेळणं टांगलं होतं. आतून कोरलेला जाड लाकडी ओंडका, अंगाला नऊ भोकं, पोटात गाजराचे तुकडे, बिटाच्या फोडी आणि मूठभर चंदी, घोड्याचा दाणा. साखळीने तुळईला लटकवलेला. घोड्याने तो नाकाने ढकलायचा, झुलत परत आला की ओठांनी धरायचा आणि एखादा तुकडा बाहेर ओढायचा. भोकं तिने कानशीने घासली होती, आतून बोट फिरवलं होतं, मग कापसाचा बोळा फिरवून एखादा तंतू कुठे धरतो का ते पाहिलं होतं. तरी उठल्यापासून सातवं भोक तिच्या डोक्यात होतं. तिथे लाकडाला गाठ होती, आणि गाठीपाशी लाकडाची कुसळं निघतात. त्या सातव्या भोकाची भीती उराशी धरून तिने चहा केला होता, केस विंचरले होते, पागेत जाऊन आली होती, चष्मा आणायला इथवर आली होती. आकडा एकदाही मनात आला नव्हता. वरची साखळी आणि ओंडक्याची कडी जोडायला स्क्रूने बंद होणारी जी कडी मागवली होती ती आलीच नव्हती, म्हणून काल संध्याकाळी तिने बादल्या टांगायचा एक वाकडा आकडा काढला, दोन्ही टोकांना वळलेला आणि दोन्ही तोंडांनी उघडा, आणि उद्या सकाळी चामड्याची पट्टी गुंडाळून त्याची तोंडं बंद करू असं स्वतःशी म्हणाली. उद्या सकाळ म्हणजे आज. आज ती पागेतून लवकर निघाली, कारण सुनेला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि बाळ झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच सुनेने तिला विचारलं होतं, तासभर बाळापाशी बसाल का म्हणून. फाटकात नालबंद भेटला होता, हातात पेटी घेऊन आत येत होता. म्हणजे आज घोड्यांचे खूर पाहिले जाणार, धरायला तोंडांना म्होरक्या चढणार. आणि ठाणात, म्हणजे घोड्याच्या कोठडीत, परत आणल्यावर म्होरकी काढायची राहते कधी कधी, घोडे सांभाळणारे मोतद्दार जेवायच्या घाईत असतात. म्होरकीला गालावर लोखंडी कडी असते. आकडा बरोबर घोड्याच्या डोळ्याच्या उंचीला होता.

तिने पागेच्या कचेरीत फोन लावला. वाजत राहिला. पावणेबारा म्हणजे जेवणाची वेळ. मोठा मोतद्दार, ज्याला सगळे मामा म्हणायचे, घोड्यांत वावरताना मोबाइल बंद ठेवायचा; घंटी वाजली की घोडी बिचकतात. डॉक्टरीण, म्हणजे पागेची पशुवैद्य, आज दुसऱ्या गावाला होती, तिचा लागत नव्हता. पायरीवर ती अशी उभी राहिली की येणाऱ्या-जाणाऱ्यांना वळसा घालून चढावं लागत होतं. मग तिने मुलाला फोन केला.

"आई, पुन्हा?" सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला. हळू आवाजात म्हणाला, ते तिला जास्त लागलं. पुन्हा म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. गॅस बंद केला का ते पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत. इस्त्री. पाण्याचा नळ. त्याला पदवी मिळाली त्या दिवशी नाव पुकारायच्या आधी दहा मिनिटं ती सभागृहातून उठून घरी गेली होती, कारण खिडकीच्या काचेला गेलेला तडा तिला आठवला होता. शेकडो वेळा ती अशी परत गेली होती आणि शेकडो वेळा सगळं जागच्या जागी होतं. एकदाही, तीस वर्षांत एकदाही, काही झालेलं नव्हतं.

"तिची साडेबाराची वेळ आहे आई. तीन आठवड्यांनी मिळालीय."

"माहीत आहे."

"घोडा अडकलाय का?"

"अडकला असेल."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

पलीकडे नातीची बडबड ऐकू येत होती, नुसतेच स्वर, ओले ओले. मुलाने तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "जा. तू इथे आलीस तरी तिथेच असशील."

टॅक्सीत बसल्यावर तिने हात मांडीखाली घेतले. तळव्यांखाली काहीतरी कडक असलं की बरं वाटायचं. प्रयोगशाळेत असताना पण ती अशीच बसायची, स्टुलावर, पत्र्याची थंड कड तळव्यांना लागेल अशी. बावीस वर्षं तिने खेळणी तपासली. मुलांच्या हातात जाण्याआधी ती तिच्या हातात यायची. ठरलेल्या उंचीवरून फरशीवर टाकायची, ठरलेल्या वजनाने बाहुलीचे डोळे ओढायचे, लहान मुलाच्या घशाएवढी एक धातूची नळी असायची तिच्यात तुकडे टाकून पाहायचे. आत मावला तो तुकडा म्हणजे नापास. ती इतकी खेळणी नापास करायची की कारखानदार तिला नापासबाई म्हणायचे, आणि पुढे पुढे प्रयोगशाळेतले लोकही. तिला त्यात गंमत वाटायची. सुरुवातीला तर अभिमानच होता. घरी मात्र तिचे डोळे कामावरून सुटून यायचे नाहीत. कुणी भेट दिलेली मोटार ती मुलाच्या हातात पडायच्या आत उलटी करायची, चाकं ओढायची, आणि चाकं निघायचीच. ती कुठलीही चाकं काढू शकायची. पाच वर्षांचा असताना त्याने शेजारच्या मुलाची शिट्टी आणून उशीखाली लपवली होती. तिला सापडली. ती ओरडली नाही, रागावली नाही, तिने चिमट्याने आतली गोळी काढली आणि शिट्टी परत उशीखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याने ती फुंकली. नुसता वारा आला. तो पुन्हा पुन्हा फुंकत राहिला, गाल लाल होईपर्यंत, आणि स्वयंपाकघरात उभी राहून तिने ते ऐकलं, आणि तिला काय वाटलं तर सुटल्यासारखं वाटलं.

आणि नोकरीच्या चौदाव्या वर्षी तो खुळखुळा. पिवळा, हिरव्या दांड्याचा. बारा नग आले, बाराही तिने आपटले, ओढले, चेपले, गरम पाण्यात ठेवले. बारा पास. तिने सही केली. सात महिन्यांनी पत्र आलं, दूरच्या कुठल्यातरी गावात एका मुलाच्या हातात दांडा फुटला आणि आतला मणी घशात गेला. साहेबांनी तिला बोलावून बसायला सांगितलं, पाणी दिलं. आपली चूक नाही यात, ते म्हणाले, बारा नग नीट होते, तेरावा आपण पाहिलेलाच नव्हता. चौकशी झाली, फाइल बंद झाली. मुलाचं पुढे काय झालं ते पत्रात नव्हतं. तिने लिहून विचारलं. उत्तर आलं की हे प्रकरण निकाली निघालेलं आहे. नऊ दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही; तोंडात घेतला की तो तिथेच फुगायचा. त्यानंतर आठ वर्षं तिने नोकरी केली, पण हातात येणारा प्रत्येक नग तिला तेरावा वाटायचा. जगात जे जे काही ती पाहू शकत नव्हती ते सगळं त्या तेराव्यात होतं.

सिग्नलला टॅक्सी थांबली. बाजूला एका ट्रकच्या मागच्या फळीला आकडे लटकत होते. पलीकडे कपड्यांच्या दुकानात आकड्यांवर सदरे. एकदा डोक्यात शिरलं की शहरभर तेच दिसतं, हे तिच्या ओळखीचं होतं; पूर्वी मणी दिसायचे. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, दवाखान्यात जायचंय का. ती नाही म्हणाली आणि मग वाटलं, हो म्हणायला हवं होतं, त्याने गाडी वेगाने काढली असती. घड्याळात बारा वाजून चार मिनिटं. अबलख आता काय करत असेल. तो ओंडक्यापासून हलणार नाही हे तिला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी डॉक्टरीण, जी तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, तिला पहिल्यांदा पागेत घेऊन आली तेव्हा अबलख आपल्या ठाणात उभा राहून झुलत होता. मान डावीकडे, मान उजवीकडे, पुढच्या पायांवर वजन इकडून तिकडे, डोळे कशावरच नाहीत. त्याच्या पायांखाली फरशीत दोन खोलगट जागा झिजल्या होत्या. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, डॉक्टरीण म्हणाली, इथे एक घास तिथे एक घास, चालत चालत. याला आपण बादली देतो, तो दहा मिनिटांत संपवतो. उरलेल्या दिवसाचं त्याने काय करायचं मावशी? तिला बाहेरून आणलेला एक चेंडू दाखवला, घोड्याने लोटला की आतली चंदी थोडी थोडी सांडणारा. दोन दिवसांत अबलखाने तो फोडला होता आणि कडेला सुरीसारखी धार आली होती. तिने धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, हा नापास. नोकरी सुटून तेव्हा तिला चार वर्षं झाली होती, नवरा जाऊन सहा.

मग तिने पिंपाच्या जाड प्लॅस्टिकचे चेंडू केले. सरकत्या झाकणांची पेटी केली. अबलख तिसऱ्या दिवशी वरच्या ओठाने झाकण सरकवायला शिकला, आणि पेटी रिकामी असली तरी सरकवत बसायचा, उघड, मीट, उघड, कान पुढे करून. बारीक जाळीच्या पिशवीत वाळलं गवत भरलं, म्हणजे एकेक काडी ओढावी लागेल. घड्याळ लावून ती ठाणाबाहेर खुर्चीवर बसायची आणि वहीत लिहायची. आधी तो तासातली चाळीस मिनिटं झुलायचा. आता अकरा. एकदा तर दुपारभर झुललाच नाही. ते पाहून तिला जे वाटलं होतं त्याला आनंद म्हणतात हे घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याबरोबर ती घाबरली होती. पण या दीड वर्षात ती एकदाही ठाणाच्या आत गेली नव्हती. टांगायचं, ठेवायचं, उचलायचं ते सगळं मामा करायचे, किंवा घोडा बाहेर असताना ती. दार मध्ये असलं पाहिजे. एवढं मोठं अंग, आणि त्याला आपलं मोठेपण माहीत नाही.

शेवटच्या वळणावर तिच्या मनात आलं की तो खरंच अडकलेला असावा. सरळ शब्दांत आलं, जसंच्या तसं. कारण नसला, तर मुलाचं खरं; मग सुनेची वेळ गेली, आणि परत कधी कुणी विचारणार नाही, आणि ही शेकड्यांतली आणखी एक. हे आपण इच्छिलं हे तिला कळलं. टॅक्सीवाल्याने उरलेले पैसे पुढे केले ते न घेताच ती फाटकातून आत पळाली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस जसा पळेल तशी, एका हाताने चष्मा धरून.

पागेत दुपारची शांतता होती. दोन्ही बाजूंना ठाणं, मधून सिमेंटची वाट. कुणीतरी गवत चावत होतं, कुठेतरी शेपटी फळीवर आपटत होती. मामांची आणि बाकीच्यांची खोली मागे, पटांगणापलीकडे. ती सहाव्या ठाणाकडे चालत गेली आणि अजून काही दिसायच्या आधी तिला ते ऐकू आलं. झुलणारी साखळी खुळखुळते. ही खुळखुळत नव्हती. ताणलेल्या साखळीचा एक बारीक, सलग करकर आवाज येत होता, थांबायचा आणि पुन्हा यायचा, श्वासाबरोबर.

अबलख मागच्या पायांवर जवळजवळ बसल्यासारखा मागे रेलला होता. मान लांब, तोंड वर. डाव्या गालावरची म्होरकीची कडी आकड्यात गेली होती आणि ओंडका त्याच्या घशाशी आडवा आला होता. त्याने आधी झटापट केलेली दिसत होती. फरशीवर गवत उधळलं होतं, फळीला खुरांचे नवे वळ होते. आता तो हलत नव्हता. सगळं अंग घामाने काळं, मांड्यांवर कातडी एकसारखी थरथरत होती, आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. तुटेल काहीतरी, तिला वाटलं. आणि मग आठवलं की तुटणार नाही. तुळईचा बोल्ट आणि साखळी तिनेच तपासली होती, चंदीची दोन भरली पोती लटकवून वर मामांना लोंबकळायला लावून. म्होरकी नवी, नायलॉनची. सगळं पास होतं. या सगळ्यात तुटण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे त्याची मान.

ओरडावं तर तो उसळेल. मामांना बोलवायला जावं तर पटांगण ओलांडून जाऊन येईस्तोवर. तिने दाराची कडी काढली. हात तिचा असा नव्हता, कुणा दुसऱ्याचा दुरून हलत होता. आत पाऊल टाकलं आणि दार मध्ये राहिलं नाही. वास आला, घामाचा, तिखट, आणि त्या वासाखाली लोखंडाचा. गालावर कातडी सोलली होती. बाजूच्या डब्यातून तिने चंदी घेतली आणि मामा इतरांना सांगायचे तसा तळहात सपाट करून, बोटं जुळवून त्याच्या तोंडाखाली धरला. त्याने खायला तोंड पुढे केलं की साखळी सैल होणार होती. त्याने तिच्या हाताकडे पाहिलंही नाही. नाकपुड्या एवढाल्या झाल्या होत्या, पण वास आत जात नव्हता. तिच्या बोटांमधून दाणे सांडू लागले. दीड वर्ष तिने जे काही केलं होतं ते एवढ्यावर चालत होतं की हा घोडा घासासाठी काहीही करेल, आणि आता तो करत नव्हता. भ्यालेल्याला घास लागत नाही. हे तिला कळायला हवं होतं, इतर कुणाला नाही तरी तिला.

तिने दाणे सोडून दिले. मग काय करायचं ते तिने ठरवलं नाही. डॉक्टरीण कधीतरी म्हणाली होती की घोडी एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे, दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवलं की त्यांची छाती हळू धडधडते. तिथे पोचायला त्याच्या खांद्याला अगदी चिकटावं लागणार होतं. ती चिकटली. गाल त्याच्या ओल्या अंगाला लागला, चष्म्यावर वाफ धरली, आता तिला आकडाही नीट दिसेना. उजव्या हाताने ती खाजवू लागली, नखांनी, जोरात, आणि डावा हात वर साखळीकडे नेऊन तसाच हवेत धरला. त्याच्या आतून धडधड येत होती, इतकी मोठी की कुणाची ते कळत नव्हतं. ती बोलायला लागली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. बहुतेक आकडे मोजत होती, प्रयोगशाळेत ओढ द्यायचं वजन लावल्यावर दहापर्यंत मोजायची तसे. दहा झाले. वीस झाले. तो खाली बसला तर ती भिंत आणि त्याच्यामध्ये सापडणार होती. त्याने पाय झाडला तर गुडघा. तेहेतीस, चौतीस. हे सगळं तिला दिसत होतं, एकामागून एक, आणि तरी तिचा हात खाजवत होता, आणि पन्नासाच्या पुढे कुठेतरी तिच्या गालाखालचं ते अंग किंचित उतरलं. श्वास सुटला. अबलखाने अर्धं पाऊल पुढे टाकलं. साखळीचा आवाज थांबला. तिने न पाहता, नुसत्या बोटांनी, कडी आकड्याच्या तोंडातून बाहेर काढली.

सुटल्याबरोबर तो मागे उसळला. तिला धक्का बसला आणि ती फळीवर आपटली, खांद्यात काहीतरी कळ मारून गेलं. तो पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, तोंड भिंतीकडे. ती बाहेर आली, दार लावलं, कडी घातली, कडी घातली ना ते पुन्हा पाहिलं, आणि वाटेवर सिमेंटवरच बसली.

मामा आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्यांनी हात पुसत पुसत आधी तिच्याकडे पाहिलं, मग आत, मग आकड्याकडे, आणि त्यांच्या हातातला पंचा थांबला. तिने सांगितलं. सगळं सांगितलं, बंद कडी आली नव्हती इथपासून, एकही शब्द न गाळता, आणि शेवटी म्हणाली की वहीत तसं लिहून ठेवते, माझी चूक. ती वाट पाहत होती. यानंतर खोलीत बोलावतात, पाणी देतात, आणि सांगतात की यात कुणाची चूक नाही.

मामा तिच्या शेजारी उकिडवे बसले. पंचा त्यांनी खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "ताई, म्होरकी मी काढायची होती. नालबंद गेला, मला भूक लागली होती, मी म्हटलं जेवून येऊन काढतो. ते पण लिहा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि थरथरत होते. चाळीस वर्षं घोड्यांत काढलेला माणूस. आपली भीती ही आपल्या एकटीची, आपल्या घरातली, आपल्या बरगड्यांखालची, असंच ती धरून चालली होती. ती अशी कुणाच्या हातांत बाहेर दिसेल हे तिच्या मनात आलं नव्हतं.

फोन वाजला. मुलगा होता. त्याने दुपारपाळीची सुट्टी टाकली होती, तो बाळापाशी होता, सून गेली होती. विचारावं की नाही अशा आवाजात त्याने विचारलं, "होतं का काही?"

"होतं," ती म्हणाली. "अडकला होता. सोडवला."

तिला वाटलं होतं की हे सांगताना बरं वाटेल. तिने वाट पाहिली, पण बरं वाटलं नाही. इतकी वर्षं प्रत्येक भीतीला एक उत्तर होतं, की मागच्या शेकडो वेळा काही झालं नव्हतं. ते उत्तर आज गेलं. उद्या गॅस आठवेल, खिडकी आठवेल, नातीच्या हातातला चमचा आठवेल, आणि त्या प्रत्येकाच्या पाठीशी आता हा घोडा उभा असेल, मान लांब करून. मुलगा फोनवर एवढंच म्हणाला की तू बस जरा, पाणी पी, आणि मग थोडं थांबून, उद्या ये.

मामांनी आत जाऊन अबलखाची म्होरकी काढली, गालाला औषध लावलं, आकडा आणि ओंडका उतरवून बाहेर आणला. जखम वरवरची होती. संध्याकाळी डॉक्टरीण पाहील म्हणाले. मग त्यांनी दार उघडंच धरलं.

"आता तुम्ही जा आत, ताई."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"शेवटचं काय झालं ते घोडा धरून बसतो," मामा म्हणाले. "तुम्ही जवळ होतात आणि दुखलं, एवढंच त्याच्याकडे राहील. आज अशाच घरी गेलात तर उद्यापासून तो तुम्हाला भिईल."

ती उठून दारापाशी आली. मघाशी ती गेली होती कारण थांबायला वेळ नव्हता. आता होता, पाय उचलायला हवा तेवढा वेळ होता. आपल्याला कुणीतरी भ्यावं ही गोष्ट तिने कधी तपासून पाहिली नव्हती. आणि आता, दाराच्या चौकटीत, तिला मुलगा दिसला, दोन-अडीच वर्षांचा, फरशीवर बसलेला, ती खोलीत आली की काही न विचारता मूठ उघडून पुढे करणारा. मुठीत कधी खडा असायचा, कधी बटण, पुष्कळदा काहीच नसायचं. किती शहाणा आहे, असं ती शेजारणींना सांगायची.

ती आत गेली. दोन पावलं, मग तिसरं. हात सपाट करून पुढे धरला, रिकामा. दाणे घ्यायचे तिला सुचले नव्हते. अबलख कोपऱ्यातच होता. ती आत आलेली कळताच त्याच्या पाठीची कातडी थरारली आणि तो भिंतीला आणखी चिकटला. तिला परत फिरावंसं वाटलं. ती उभी राहिली. बोटं हलत होती, ती थांबवता येईनात, तर तिने थांबवली नाहीत. उन्हाची पट्टी फळीवरून खाली उतरून गवतावर आली. खांदा ठणकत होता. बऱ्याच वेळाने, तोंड भिंतीकडेच ठेवून, अबलखाने एक कान तिच्याकडे वळवला. दुसरा अजून भीतीने मागे पडलेलाच होता.